आमची गिरणी, समोरची गिरणी

नोकरी म्हणजे भाकरी, हे आमच्या घराचे जुने गणित. आमच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले ते नोकरीसाठीच. त्यामुळे २००२ साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती हातावर ठेवली, तेव्हा आम्हा नवराबायकोच्या पायाखालची जमीन सरकली. दोन मुली शिकत होत्या. मिळालेल्या पैशात थोडे बँकेचे कर्ज घातले, कल्याणजवळच्या आमच्या वस्तीत भाड्याने गाळा घेतला आणि पिठाची गिरणी टाकली. उन्हाळ्यात मिरची कांडपही सुरू केले. धंद्याचा अनुभव शून्य. घराण्यात कोणी तागडी धरलेली नव्हती.

दोन वर्षे बरी गेली. २००४ च्या दिवाळीनंतर रस्त्याच्या पलीकडे दुसरी गिरणी सुरू झाली. नवी यंत्रे, नवा रंग आणि दर दीड रुपया किलो. आमचा दोन रुपये होता. आठवडाभरात आमच्या ओट्यावरची डब्यांची रांग पलीकडे गेली. आम्ही रागाच्या भरात दर सव्वा रुपयावर आणला. डबे परत आले. गिरणी सकाळपासून रात्रीपर्यंत फिरू लागली आणि आम्हाला वाटले, जिंकलो!

पण महिन्याच्या शेवटी हातात काही उरेना. सहा महिन्यांत घरातल्या दोन पाटल्या गहाण पडल्या, तेव्हा कुठे धाकटीची कॉलेजची फी भरता आली.

ही धाकटी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी ती विजेची बिले, भाड्याच्या पावत्या आणि आमची वही घेऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "बाबा, आई, एक किलो दळायला आपल्याला एक रुपया पस्तीस पैसे खर्च येतो. वीज पासष्ट पैसे, भाडे पंचेचाळीस, दगडाला टाकी लावणे, पट्टा, दुरुस्ती आणि बँकेचा हप्ता पंचवीस. घेतो सव्वा रुपया. म्हणजे किलोमागे दहा पैसे आपण गिऱ्हाइकाला घरातून देतो. आणि तुम्हा दोघांची मजुरी यात धरलेलीच नाही." समोरच्याचा गाळा स्वतःचा होता. त्याला भाडे नव्हते. दीड रुपयातही त्याचे भागत होते, आमचे भागणे शक्यच नव्हते.

मग तिने निरम्याची गोष्ट काढली. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६९ साली त्यांनी घरीच हाताने धुण्याची पावडर मिसळून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. नामांकित पावडरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी किमतीत ती मिळे. आम्हाला वाटायचे, त्यांनी स्वस्त विकले म्हणून ते मोठे झाले. धाकटी म्हणाली, "नाही. त्यांनी आधी स्वस्त बनवले, मग स्वस्त विकले. मोठा कारखाना नाही, भपकेबाज वेष्टन नाही. तुम्ही खर्च तोच ठेवून नुसता दर पाडलात."

आणि हिंदुस्थान लिव्हरने काय केले? ऐंशीच्या दशकात टीव्हीवर येणारी ललिताजी आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. कंपनीने सर्फला निरम्याच्या दरावर आणले नाही. महाग वस्तू शेवटी परवडते कशी, हे ललिताजीच्या तोंडून गृहिणींना पटवले. ज्यांना स्वस्तच हवी होती त्यांच्यासाठी त्याच दशकात व्हील ही वेगळी पावडर काढली.

तिच्या पुस्तकात हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांचा विचार होता. १९८० साली त्यांनी मांडले की स्पर्धेत टिकायचे मुख्य मार्ग तीन. सर्वांत कमी खर्चात माल तयार करा, किंवा दुसऱ्याकडे नाही असे काही द्या, नाही तर ठरावीक गिऱ्हाईक निवडून त्याचीच गरज नीट भागवा. जो मध्येच लटकतो तो बुडतो. आम्ही नेमके तिथेच लटकलो होतो.

त्या रात्री आम्ही आपले गिऱ्हाईक कोण, याचा प्रथमच विचार केला. नर्सबाई, शिक्षिका, नगरपालिकेत झाडूकाम करणाऱ्या भगिनी, सकाळची लोकल पकडणाऱ्या मुली. दुपारी रांगेत उभे राहायला यांना वेळ नाही. दुसरी तक्रार अशी, की गव्हात आधीच्या बाजरीचे पीठ येते. आम्ही वेळा बांधल्या. सकाळी फक्त गहू, दुपारी ज्वारी-बाजरी-तांदूळ, डाळी फक्त शनिवारी. सकाळी डबा नाव लिहून ठेवा, रात्री साडेनऊपर्यंत न्या. जिने चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी सायकलवरून पोच. दर पुन्हा दोन रुपये.

पहिले दोन महिने निम्मे डबे समोर गेले. सकाळी बाजरी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "दुपारी या" म्हणताना जीभ जड व्हायची. पण समोरच्याला हे करता येत नव्हते. त्याचा दर कमी, त्यामुळे आलेले कोणतेही दळण परत पाठवणे त्याला परवडत नव्हते. धंद्यात काय करायचे नाही हे ठरवणे किती मोलाचे असते, ते आम्हाला तेव्हा कळले. हळूहळू डबे परतले, काही नवे आले. पाटल्यांपैकी एकच सोडवता आली. दुसरी गेली.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. गिरणीत बाबासाहेबांची तसबीर पहिल्या दिवसापासून आहे. ती पाहून काही जण डबा उचलून परत गेले. "खाण्यापिण्याचा धंदा आहे, तसबीर घरी लावा," असे हितचिंतकांनी सुचवले. धंद्याची चाल म्हणून पाहिले तर सल्ला चुकीचा नव्हता. पण १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहाराचा सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार त्या काळी दुसरा कोण मिळणार होता? तरी जात कळताच गिऱ्हाईक तुटले. हे पुस्तकातल्या तीन मार्गांत कुठेच बसत नाही. आम्ही तसबीर ठेवली. जे फिरले ते फिरलेच. पण जे राहिले, त्यांच्यापासून आम्हाला काही लपवावे लागले नाही.

आज पाकिटातले पीठ दुकानोदुकानी आहे, अनेकांच्या घरी घरघंटी आली आहे. समोरची गिरणी बंद झाली, आमचीही पूर्वीसारखी फिरत नाही. मिळवलेली आघाडी कायमची नसते. आता आम्ही थालीपिठाची भाजणी आणि नाचणीचे पीठ मागणीप्रमाणे करून देतो. उद्या आणखी काही शोधावे लागेल.

आपल्या समाजातली मुले आता धंद्यात उतरत आहेत, याचा आनंद आहे. बंधू-भगिनींनो, शेजाऱ्याच्या दराची पाटी वाचण्याआधी आपली वही वाचा. आम्ही ती सहा महिने उशिरा उघडली. त्याची किंमत एक पाटली होती.