कमठ्याची पडवी

घरात धनुष्य, म्हणजे कमठा, घडवायला जागा शोधताना आधी वारा पाहावा, मग उजेड. हत्यारांच्या खुंट्यांची पाळी शेवटी येते. कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाट्याच्या पुढे राजुरी लागते. त्या पट्ट्यात वारा कसा खेळवावा हे कोणाला शिकवावे लागत नाही, कारण कांदा त्यावरच टिकतो. कांदा साठवायची बराख नीट पाहावी: जमिनीपासून उचललेला तळ, फटी ठेवून ठोकलेल्या बाजूच्या पट्ट्या, बेताची रुंदी, वर छप्पर. एका अंगाने शिरलेली हवा दुसऱ्या अंगाने निघून जाते. चैत्र-वैशाखात भरलेली बराख दिवाळीच्या आगेमागे रिकामी होते आणि पुढचा उन्हाळी कांदा निघेपर्यंत तशीच उभी राहते. लाकूड सुकवायला हेच महिने सर्वांत चांगले. कार्यशाळेसाठी नवी खोली बांधायला काढण्याआधी या रिकाम्या महिन्यांचा हिशेब करावा. सुकवण बराखीत आणि घडण पडवीत, एवढ्या दोन जागा धनुष्याला पुरतात.

लाकूड तोडले तरी हवेशी त्याचे देणेघेणे चालूच राहते. कोरड्या हवेत ते पाणी सोडते, दमट हवेत घेते, आणि काही काळाने दोघांचा तोल जमतो. धनुष्याला ८ ते १० टक्के ओलावा मानवतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड आपसूक तिथे येऊन थांबते. श्रावणात आर्द्रता ८५ च्या वर गेली की तेच लाकूड १८ टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकते. अशा ओलसर धनुष्याची दोरी ओढली की ते वाकते, पण सोडल्यावर पुरते सरळ होत नाही. तो वाक अंगी मुरतो आणि बाणाचा वेग कायमचा जातो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी याच्या उलट घडते. आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरली, की लाकूड पार शुष्क होते आणि बोटभर जास्त ओढल्यावर कडकन मोडते. नाणेघाटाच्या बाजूला कोसळणारा पाऊस राजुरी-बेल्ह्याकडे येईपर्यंत बराच ओसरलेला असतो. तरीही पावसाळ्यात इथे धनुष्याला वाक देऊ नये. कार्तिक ते माघ हा त्याचा हंगाम.

ओलावा मोजायचे यंत्र नसले तरी अडत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक वही पुरते. धनुष्यासाठी काढलेल्या लाकडाच्या प्रत्येक कांबेवर क्रमांक टाकावा, दर आठवड्याला वजन लिहावे. वजन उतरायचे थांबले की कांब हवेशी जुळली. कांबेच्या दोन्ही टोकांना तोडल्याबरोबर मेण किंवा ऑइलपेंट लावावा. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघते आणि मग तिथून चिरा पळतात. बराखीत कांबा आडव्या ठेवाव्यात, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, आणि पत्र्याच्या अगदी खाली नकोत. दुपारी पत्रा तापतो.

लाकडांत धामण पहिली. चिवट आणि लवचिक असल्यामुळे गाडीच्या दांड्या, वल्ही आणि कावडीसाठी ती वापरली जात आली आहे. ज्या लाकडाने ओझे झुलवत वाहून नेले, त्याला धनुष्यही सहज पेलते. कांब शक्यतो फोडून काढावी. करवत सरळ जाते, तंतू मात्र वळतो, आणि जिथे करवतीने तंतू कापला तिथेच पुढे ढलपी उचलते. दुसरा मार्ग बांबूचा. भरीव मानवेल आणि जाड भिंतीचा कळक, दोन्ही चालतात. बांबूचे बळ सालीजवळच्या दाट तंतूंत असते, म्हणून साल शक्यतो निशाणाकडच्या बाजूला, म्हणजे धनुष्याच्या पाठीवर ठेवतात आणि आतला पोकळीकडचा भाग तासतात. तीन-चार वर्षांचा बांबू पावसाळ्यानंतर तोडावा. कोवळ्या बांबूत तंतू पिकलेला नसतो. शिवाय पिठूळ अंश जास्त असला की घुण लागतो. कायद्याचीही बाजू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे सोपे झाले. इतर झाडांसाठी १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा आहे. कुऱ्हाड उचलण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे चौकशी करावी.

राजुरीच्या जुन्नर तालुक्यात बांबूचा विषय निघाला की तो दोन हजार वर्षे मागे जातो. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा या जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास कोरीव खोदकामे आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. राजांची नावे त्यांत थोडी, साध्या देणगीदारांची पुष्कळ. एका लेखात वासकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे धर्मादाय ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्यांच्या जोडीला कासकार, म्हणजे काशाचे काम करणारे येतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, स्वतःच दान दिली. श्रेणीकडे ठेव ठेवणे म्हणजे काय, ते नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखावरून उलगडते. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने दोन हजार कार्षापणे विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने ठेवली. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्षूंची सोय व्हायची. अशी कायमची ठेव ज्याच्या हाती द्यायची त्याचा धंदा दात्याच्या नातवंडांनंतरही चालेल, याची खात्री लागते. राज्ये बदलतील, पण सूप, टोपली, कणगी लागतच राहील, असा विचार जुन्नरच्या त्या दात्याने केला असणार. घाटातून उतरणारा माल कशात भरला जात असेल, याचाही अंदाज त्यावरून बांधता येतो. बुरूडकामाला आज जो दर मिळतो आणि जो मान मिळत नाही, तो पाहिल्यावर हा लेख फार टोचतो. मांडीवर कांब आणि हातात कोयता घेऊन बसणाऱ्या माणसांकडे त्या काळी लोक विश्वासाने पैसे ठेवत होते. तालुक्याच्या प्रत्येक शाळेत हा लेख शिकवला गेला पाहिजे, तोही सनावळीपुरता नव्हे, हिशेबासकट.

त्याच लेण्यांत आदुथुम नावाच्या एका शकाचा लेख आहे. करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने आणि वडाची झाडे लावण्यासाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न त्याने लावून दिले. परदेशी कुळातला माणूस इथे येतो आणि आपले नाव झाडांशी बांधून ठेवतो, यापेक्षा सुंदर दान सापडणे अवघड. करंजाचा उपयोग पडवीतही होतो. त्याचे कडू तेल साठवणीच्या बांबूला चोळले की किडीला आळा बसतो. पण करंजाचे तेल वाळत नाही, चिकट राहते. तयार धनुष्यावर शेवटचा हात द्यायचा तर जवसाचेच तेल घ्यावे, ते हवेत वाळून कडक होते. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटू शकते. शेजारी कडब्याची गंज असलेल्या घरात ही गोष्ट प्राणावर बेतेल. चिंधी तारेवर पसरून वाळू द्यावी.

पडवीतली मांडणी साधी ठेवावी. उत्तरेचा उजेड सर्वांत चांगला, कारण तो दिवसभर सारखा राहतो आणि रंध्याखालची वर-खाली झालेली जागा त्यात दिसते. गावच्या सुताराची जुनी पद्धत जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करण्याची आहे; वाकसाने जाडजूड तासणी करायला तीच उत्तम. पुढच्या बारीक कामाला कमरेइतका उंच, भिंतीत घट्ट रोवलेला बाक आणि त्यावर एक व्हाइस हवा. व्हाइसच्या जबड्यांना चामडे किंवा जुन्या टायरचा तुकडा लावावा, नाहीतर पाठीवरचा तंतू चेपतो. कोयता, वाकस, करवत, रंधा, चपटी आणि गोल कानस, खरवडायला पोलादी पाते, काचकागद, धारेचा दगड. एवढ्यात धनुष्य पुरे होते. विजेचा ग्राइंडर लांबच बरा. धनुष्यातून लाकूड काढून टाकता येते, परत लावता येत नाही, आणि ग्राइंडरचा वेग विचाराला उसंत देत नाही. जुन्या सुताराच्या पेटीत सामता सापडला तर तो जपावा: दोरीच्या फेऱ्याने भोके पाडणारे ते हत्यार एका छोट्या कमठ्यावरच चालते. भुसा गोठ्यात अंथरायला हरकत नाही, पण अॅरल्डाइट लावलेल्या लाकडाचा भुसा वेगळ्या डब्यात जावा.

कार्यशाळेत सर्वांत मोलाची असते ती एक रिकामी भिंत. तिच्यावर चुन्याने किंवा पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढावी. डोक्याच्या उंचीवर एक मजबूत खुंटी असावी. तिच्यावर धनुष्याची मूठ बसते. जमिनीजवळ कप्पी असावी. दोरीला बांधलेला दोर कप्पीतून वळवून सात-आठ फूट लांब उभे राहून ओढता येतो, आणि मध्ये लटकता काटा अडकवला की किती वजनाला किती इंच वाक आला तेही कळते. हातात धरून ओढलेल्या धनुष्याचा वाक ओढणाऱ्याला दिसत नाही. तो लांबूनच पाहावा लागतो. जाळीच्या रेघांवर दोन्ही भुजा सारख्या उतरतात का, एखादी जागा बिजागरीसारखी मोडते का, एखादी ताठच राहते का, हे पाहायचे, ताठ जागेवर खूण करायची, थोडे खरवडायचे, पुन्हा खुंटीवर चढवायचे. खरवडण्याचे माप फार लहान ठेवावे. रुंदी निम्मी केली तर ताठरपणा निम्मा होतो, जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. जाडी दहा टक्क्यांनी उतरली तरी ताठरपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. प्रत्येक खरवडीनंतर दोर वीस-तीस वेळा हलका ओढावा, कारण लाकूड नवा वाक लगेच दाखवत नाही. या कामाला दिवस लागतात. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते. तेही अर्धेच घडलेले होते, त्यावर तासणीच्या खुणा तशाच होत्या.

दोरीसाठी आज डॅक्रॉनचा धागा मिळतो आणि तो उत्तम असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्ये सांगितली आहेत, आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू यांची नावे येतात. त्यांतली रुई राजुरीच्या बांधाबांधावर उभी असते. भिल्लांच्या धनुष्याला तर बांबूच्याच पातळ कामटीची दोरी असते. चढवलेली दोरी मुठीपासून एक मूठ आणि उभा अंगठा इतकी दूर असावी.

तयार धनुष्याची दोरी उतरवून ते दोन खुंट्यांवर आडवे टांगावे. कोपऱ्यात टेकवून उभे ठेवले की खालच्या भुजेवर भार येतो. पावसाळ्यात त्याला चुलीजवळ नेऊ नये. घराच्या आतल्या भिंतीवर, जिथे ओल चढत नाही, तिथे ठेवावे आणि दसऱ्यापर्यंत फार ओढू नये.

राहिली नेम धरायची जागा. कडब्याच्या किंवा पाचटाच्या घट्ट बांधलेल्या गाठी एकावर एक रचून निशाण करता येते. मागे मातीचा उंच बांध किंवा पडीक भिंत असावी. खेळाडूंच्या भारतीय पद्धतीच्या स्पर्धा लाकडी-बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर होतात. घरामागे सुरुवातीला १० मीटर भरपूर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा रानडुक्कर असो वा ससा, बाण फक्त गाठींवर चालवायचा. निशाणाचे तोंड उसाच्या दिशेला कधीही करू नये. उभ्या उसात पाणी धरायला गेलेला माणूस दिसत नाही.