तीन ‘आर’

रे रोड स्थानकाची इंग्रजी पाटी वाचताना नवखा माणूस क्षणभर अडखळतो. आर, ई, ए, वाय या चार अक्षरांचा ‘रे’ कसा झाला, हे त्याला कळत नाही. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचे ते स्पेलिंग. ते सुधारावे असे कोणास वाटल्याचे ऐकिवात नाही. आम्हांस मात्र वाटले असते. कारण आमची हयात मुद्रितशोधनात गेली.

निवृत्तीनंतर आमच्या भाच्याने अपाची या वेब सर्व्हरची माहितीपुस्तिका पडद्यावर उघडून दिली. ‘मामा, यात चूक सापडली तर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो,’ एवढे त्याने म्हणायचा अवकाश, आम्ही चष्मा पुसला. पहिल्याच दिवशी फजिती झाली. आम्ही ज्या प्रतीवर खुणा केल्या तिच्या माथ्यावरच सूचना होती की हे पान मूळ एक्सएमएलवरून तयार होते, येथे बदल करू नये. छापून झालेल्या फर्म्यावर खुणा करून काय उपयोग, खिळेच बदलले पाहिजेत! पुढे एक द्विरुक्त शब्द आणि एक राहून गेलेला स्वल्पविराम अशा दोन दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या. वाचकांस हसू येईल, पण त्या रात्री आम्हांस छान झोप लागली.

मग ‘रेफरर’ भेटला. दुव्यावरून आलेला वाचक आधी कोणत्या पानावर होता, हे ब्राउझर ज्या नावाखाली सर्व्हरला कळवतो ते हे नाव. इंग्रजी नियमाने त्यात ‘आर’ चार हवेत, पुस्तिकेत तीनच. आम्ही चौथा घातला. भाच्याने पाठवण्यापूर्वी आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीत तो करून पाहिला. सर्व्हरने कसलीही तक्रार केली नाही. फक्त जिथे आधीच्या पानाचा पत्ता उमटायचा, तिथे प्रत्येक ओळीत एक आडवी रेघ उमटू लागली.

चूक १९९६ च्या एचटीटीपी तपशिलातली. तोवर जगभरचे सर्व्हर आणि ब्राउझर तीन ‘आर’वरच बोलू लागले होते. २०२२ च्या तपशिलातही ते रूप कायम आहे आणि शेजारी कंसात ‘मूळबरहुकूम’ अशा अर्थाची खूण आहे. (नंतर आलेल्या एका भावंड-नावात मात्र चारही ‘आर’ आहेत. असो.)

त्या आडव्या रेघा आम्हांस पाहवेनात. लालबागेत एका छापखान्यात असताना एका गिरणी कामगाराचा कवितासंग्रह आमच्या हातून गेला होता. त्याने ‘व्हता’ लिहिले होते. आम्ही महामंडळाचे नियम उशाशी घेऊन सर्वत्र ‘होता’ केले. पुस्तक हाती आल्यावर तो पाने उलटत उभा राहिला, ‘छान झालं, साहेब’ म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा कधी आला नाही.

भाच्याने चौथा ‘आर’ काढला; ओळी पुन्हा भरू लागल्या. आम्ही तो संग्रह कपाटातून काढला आहे. समासात पेन्सिलीने एकेक ‘व्हता’ परत लिहीत आहोत. सतरा पाने झाली. हस्तलिखित त्या वेळीच रद्दीत गेले, त्यामुळे काही ओळींत कवीने स्वतःच ‘होता’ लिहिले होते की काय, ते आठवत नाही. तिथे समास कोरा सोडला आहे.