कोरडी परीक्षा

दर्यापूरहून आलो असे सांगितले, की पुण्यामुंबईची मंडळी हटकून विचारतात, "म्हणजे तुमच्याकडे समुद्र आहे वाटते?" समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. गावाजवळून चंद्रभागा वाहते; पण ती पंढरपूरची नव्हे, पूर्णेला जाऊन मिळणारी आमची वऱ्हाडी चंद्रभागा, आणि उन्हाळ्यात तिचे वाहणे केवळ म्हणण्यापुरते. तरीही दर्याचा एक गुण आमच्या वाट्याला आला आहे. विहीर खणा, हातपंप बसवा, लागेल ते पाणी खारट! अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाण पट्टा. शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने येऊ लागले, तरी जुन्या हातांची सवय सुटलेली नाही. आमच्या घरी भाजी धुतलेले पाणी आजही तुळशीलाच जाते.

गावाची दुसरी ओळख कापसाची. दर्यापूर आणि बनोसा ही जोडगावे. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला गाडी बनोशाच्या स्टेशनात थांबे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती गाडी बंद आहे. पण दसरा उलटला, की कापसाच्या गाड्या अजूनही जीनच्या फाटकाशी रांग लावतात, आणि साऱ्या गावाच्या अंगावर बारीक पांढरे तंतू बसतात.

अशाच एका जीनमध्ये माझे वडील दिवाणजी होते. आवारात आगीसाठी पाण्याचा नळ होता आणि त्याच्या चाकाची जबाबदारी बाबांवर होती. कोणी चाकाला हात लावला, की ते ओरडत, "पाणी काय फुकटचं आहे?" मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका दुपारी कापसाची गंजी पेटली. बाबा धावले, पण खाऱ्या पाण्याने गंजलेले ते चाक काही केल्या फिरेना. बादल्यांनी कितीसे पाणी पडणार? आणि कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. गंजी दोन दिवस जळत होती. दोन हमालांचे हात पोळले. बाबांना कोणी बोल लावला नाही. त्यांनीही तो विषय घरात पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या वर्षी श्रावणात एका लग्नासाठी मुंबईला निघालो. आमच्या महाविद्यालयाचा एक जुना विद्यार्थी त्याच वाटेने परतत होता. त्याने आपल्या मोटारीत घेतले. त्याची नोकरी आगीपासून बचाव करणारी यंत्रे बसवण्याची. मूर्तिजापूरवरून कारंजाला समृद्धी महामार्ग धरला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीच्या पुढे सह्याद्री पोखरून काढलेला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा याच तुकड्यात आहे. बाहेर पाऊस कोसळत होता. आत शिरलो आणि वायपर एकदम कोरड्या काचेवर करकरू लागले.

"सर, या बोगद्यात पाण्याच्या धुक्याची योजना आहे," तो म्हणाला. "उष्णता साठ अंशांवर गेली, की मोठ्या दाबाने बारीक तुषार सुटतात. थोड्या पाण्यात आग थंड होते."

पाण्याचे नाव निघाले आणि मला गंजलेले ते चाक आठवले. मी विचारले, "आणि वेळेवर सुटलेच नाहीत तर?"

त्याने जगातले दोन दाखले दिले. मार्च १९९९ मध्ये फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात पीठ आणि मार्गारिन नेणारा ट्रक पेटला. ३९ माणसे गेली आणि आग दोन दिवसांहून अधिक जळत राहिली. उलट २००७ साली मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात अपघात होऊन आग लागली, तेव्हा वरून पाण्याचा मारा सुरू झाला. तीन माणसे दगावली, पण आग पुढे पसरली नाही.

"म्हणूनच तपासणी लागते," तो म्हणाला. "पण दर वेळी पाणी सोडायचे, तर रस्ता बंद करा, पाणी उपसा, विजेची यंत्रे सांभाळा. मग तपासणीच टळते. यावर जगभरची एक रीत आहे. तीन भाग करायचे. आग लागल्याचे यंत्राला कळते का? त्यासाठी उष्णता ओळखणाऱ्या तारेजवळ गरम हवेचा झोत धरायचा आणि नियंत्रण कक्षात घंटा वाजते का ते पाहायचे. पंप आणि झडप चालतात का? पुढचा नळ बंद करून ती चालवायची. पाणी दुसऱ्या वाटेने टाकीत परत आणायचे. आणि तोट्या मोकळ्या आहेत का? रिकाम्या नळांतून दाबाची हवा सोडायची, ती प्रत्येक तोटीतून बाहेर पडली पाहिजे."

"म्हणजे पाण्यावाचून पाण्याची परीक्षा!"

"हो, पण तेवढ्यावर भागत नाही, सर. हवा गेली तिथून पाणीही पुऱ्या जोराने जाईलच, असे नाही. कोरडी परीक्षा वरचेवर घ्यायची. ओली क्वचित, पण चुकवायची नाही."

सहामाही आणि वार्षिक परीक्षांत आयुष्य गेलेल्या मला हे लगेच पटले.

दिवाळीत तो गावी आला आणि ओळखीच्या एका जीनमालकाने त्याला गोदामातले नळ पाहायला बोलावले. मीही गेलो. आत छतापर्यंत कापूस. वरून पाणी सोडले असते, तर आगीआधी पाण्यानेच माल नासला असता. फाटकावरचा म्हातारा चौकीदार काळजीने म्हणाला, "पाणी कायले सांडता, बावा?"

"सांडत नाही, काका, पाहा न," विद्यार्थी म्हणाला. त्याने पाण्याची झडप बंद केली आणि नळ रिकामे केले. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणल्या होत्या, त्या चोवीस तोट्यांना एकेक बांधल्या. मग हवेचा दाब सोडला. झिरमिळ्या फडफडू लागल्या आणि कापसाच्या डोंगरावर जणू दिवाळी उतरली. मी मोजू लागलो. तेवीस हलत होत्या; कोपऱ्यातली एक मात्र स्वस्थ लोंबत होती. शिडी लावून तोटी उतरवली, तर आत कुंभारीण माशीने मातीचे टुमदार घर बांधलेले!

मालक हसले, पण त्या तोटीखालच्या कापसाकडे बघून लगेच गप्प झाले.

घरी येऊन बाबांना सगळे सांगितले. आता त्यांची ऐंशी जवळ आली आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "चाक फिरवून पाहिलं?"

"पाहिलं. फिरतं."

ज्येष्ठात कापूस उठला आणि गोदाम रिकामे झाले. ओल्या परीक्षेचा दिवस ठरला. "मलाही ने," असे बाबा आपण होऊन म्हणाले. पंप सुरू झाला आणि चोवीस तोट्यांतून पाणी सुटले. फरशीवरून वाहत ते दारापर्यंत आले, बाबांच्या चपला भिजल्या. चौकीदार माझ्याकडे पाहून कुजबुजला, "किती पानी गेलं न भाऊ!"

बाबांनी ते ऐकले. मला वाटले, आता ते ओरडणार. पण ते जागचे हलले नाहीत. वर बोट करून एकेक तोटी मोजत होते, आणि चोवीस पुऱ्या झाल्यावरच त्यांनी चाक बंद करायची खूण केली.