साकाईची सुरी

ओसाका शहराच्या दक्षिणेस, यामातो नदीच्या पैलतीरीं, साकाई नांवाचें एक प्राचीन बंदर आहे. तेथें जाण्यास जलद आगगाड्या पुष्कळ आहेत. परंतु ज्यास शहर पाहावयाचें आहे त्यानें हांकाई नांवाची जुनी ट्रामच धरावी. एकाच डब्याची ही गाडी घरांच्या परसांजवळून डुलत जाते, नदी ओलांडते आणि साकाईच्या रुंद रस्त्याच्या मधोमध आपल्याला नेऊन सोडते. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाका येथें राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां गेल्या वसंतांत तिकडे गेलों असतां या नगरीचें दर्शन घडलें.

साकाईचें लोखंडाशीं नातें फार जुनें. सम्राट् निन्तोकु यांची म्हणून मानली जाणारी, पांचव्या शतकांतील एक प्रचंड समाधि येथें आहे. तिचा आकार किल्लीच्या भोकासारखा, लांबी ४८६ मीटर, आणि सभोंवार पाण्याचे खंदक. २०१९ सालीं जागतिक वारशांत तिचा समावेश झाला. एवढें मातीकाम करण्यास जीं हत्यारें लागलीं, तीं घडविणाऱ्या लोहारांपासूनच आपली परंपरा चालत आली, असें येथील लोक अभिमानानें सांगतात. पुढें १५४३ सालीं पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानांत आली, तेव्हां साकाईचे लोहार बंदुका घडवूं लागले. तंबाखू आली, तेव्हां तिचीं पानें बारीक कातरण्याच्या सुऱ्या करूं लागले. आपल्याकडेहि मिरची आणि तंबाखू याच पोर्तुगीजांनीं आणली, हें वाचकांस ठाऊक आहेच. साकाईच्या तंबाखूच्या सुऱ्या इतक्या नामांकित झाल्या कीं, तोकुगावा राजवटीनें त्यांवर खास मोहोर उठविण्याची सनद या गांवास दिली. १८७६ सालीं सामुराईंना तरवार बाळगण्याची मनाई झाली, आणि अनेक तरवारकरी स्वयंपाकघराच्या आश्रयास आले. ज्या विद्येनें रणांगण गाजविलें तिनें पुढें मुळा चिरावा, यांत कोणास अधोगति दिसेल. मला तरी ती विद्येची सद्गतिच वाटते.

एका सुरीस येथें तीन घरें लागतात. पहिलें लोहाराचें. मऊ लोखंडावर कठीण पोलाद ठेवून, तीं भट्टींत लाल करून, घणाखालीं तो दोहोंचा जीव एक करतो व मग पातें पाण्यांत किंवा तेलांत विझवितो. पोलाद धार देतें. लोखंड त्या पोलादास मोडूं देत नाहीं. दुसरें घर धार लावणाऱ्याचें. फिरत्या दगडांवर तो पातें एकामागून एक पायऱ्यांनीं बारीक करीत जातो. तिसरें मूठ बसविणाऱ्याचें. पात्याची शेपटी तापवून तो ती हलक्या लांकडाच्या मुठींत ठोकून बसवितो. मुठीच्या तोंडाशीं म्हशीच्या शिंगाचें कडें असतें. एकाचें काम दुसरा करीत नाहीं.

आम्हांस मात्र केवळ कौतुक पाहावयाचें नव्हतें. एक सुरी घ्यावयाची होती. आमच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें. चाळीस वर्षें दोन्ही वेळची भाजी आमच्या सौभाग्यवतींनीं विळीवर चिरली. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या गुडघ्यांनीं मांडी घालण्यास साफ नकार दिला. सुना ओट्याशीं उभ्या राहून सुरीनें भाजी चिरतात. "आई, तुम्ही बसा, आम्ही करतों," असें त्या मायेनेंच म्हणत. परंतु हातांतलें काम गेलें म्हणजे घरांतलें आपलें स्थानहि हळूहळू भिंतीकडे सरकतें, हें सेवानिवृत्त झालेल्या माणसास कोणीं शिकवावें लागत नाहीं. ओट्याशीं उंच स्टुलावर बसून चिरतां येईल, पण बाजारी सुरी त्यांच्या हातांत ठरत नसे. बोथट पात्यावर जोर द्यावा तों ती घसरून बोट कापी.

दुकान लहानसें होतें. चिरंजीवांची दृष्टि प्रथमच एका लांबलचक, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या पात्यावर गेली. "आई, ही बघ, काय सुंदर आहे!" दुकानदार वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं तिचें नांव 'ग्यूतो' असें सांगितलें. शब्दशः अर्थ गोशस्त्र. १८७२ सालीं सम्राट् मेइजी यांनीं गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें, तेव्हांपासून तो आहार जपानांत रूढ होत गेला, व तें कापण्यास पाश्चात्त्य घाटाची ही सुरी निघाली. अर्थ कळतांच सौभाग्यवती मला हळूच म्हणाल्या, "अहो, त्याला ती जागच्या जागीं ठेवायला सांगा."

नंतर त्या गृहस्थांनीं किंमतीची गोष्ट न काढतां, 'ओकासान' म्हणजे 'आई' असें संबोधून त्यांनाच प्रश्न केले. हात उजवा कीं डावा? घरांत काय चिरतां? सुरी कितीजण वापरणार? धार कोण लावणार? प्रत्येक उत्तरासरशीं समोरच्या सुऱ्यांतून एकेक कमी होत गेली. मासे तोडण्याची जाड 'देबा' गेली. कच्चे मासे कापण्याची लांब 'यानागिबा' गेली. या दोहोंस एकाच बाजूनें धार असते, म्हणून त्या उजव्या व डाव्या हातांकरितां निरनिराळ्या कराव्या लागतात. उरल्या दोन. 'सान्तोकु' म्हणजे तीन सद्गुणांची, संस्कृतांत द्विगु समास म्हणावा अशी. मांस, मासे व भाजी तिन्हींस चालणारी, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास घरोघरीं रूढ झालेली. दुसरी 'नाकिरी', म्हणजे शुद्ध शाककर्तनी. तिचें पातें पातळ, आयताकृति, दोन्ही बाजूंनीं धारेचें, सुमारें साडेसोळा सेंटिमीटर लांब. धार जवळजवळ सरळ असल्यामुळें ती फळीवर सबंध टेकते व कोबीचा धागा मागें चिकटून राहत नाहीं.

पुढचा प्रश्न पोलादाचा. साध्या कर्बयुक्त पोलादास धार अति सूक्ष्म येते व दगडावर लौकर लागते. पण लिंबू, कैरी, टोमॅटो यांच्या आंबट रसानें तें काळवंडतें, आणि ओलें राहिल्यास गंजतें. एकट्या दक्ष माणसाच्या घरीं तें शोभतें. जेथें चार हात सुरी उचलतात आणि पांचवा ती ओलीच ठेवतो, अशा घरीं पोटांत गंजरोधक पोलाद असलेली सुरी बरी. आम्हीं तीच निवडली. अशा कठीण पात्यास एक पथ्य मात्र असतें: नारळ, आंब्याची कोय, गोठलेले पदार्थ यांवर तें चालवूं नये, पातें पिळूं नये, नाहींतर धारेचा कण उडतो. फळी लांकडाची असावी, काचेची किंवा दगडाची कदापि नसावी.

सौभाग्यवतींच्या हातीं मुळ्याचा तुकडा देऊन त्या गृहस्थांनीं सुरी चालवावयास सांगितली. विळीवर पातें स्थिर व भाजी चालती. येथें भाजी स्थिर व पातें चालतें. सवयीनें त्यांचीं डाव्या हाताचीं बोटें पुढें गेलीं. तेव्हां वृद्धानें आपलीं बोटें आंत मुडपून दाखविलीं व म्हटलें, "मांजराचा पंजा." जपानी मुलांस असेंच शिकवितात. दहाव्या-बाराव्या कापास चकत्या एकसारख्या पडूं लागल्या. त्या म्हणाल्या, "ही ऐकते." निवड झाली. पसंत पडलेली सुरी लहरींच्या सुरीच्या निम्म्याहून कमी किंमतीची होती.

पात्यावर नांव कोरून देण्याची तेथें चाल आहे, जशी आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर होती. चिरंजीव आईचें नांव सांगूं लागले, तों त्यांनीं अडविलें. "माझें एकटीचें कशाला? आडनांव घाला. पुढेंहि घरांतच राहायची आहे." जपानी लिपींत आमचें आडनांव छिन्नीनें कोरलें गेलें. (विमानप्रवासांत सुरी हातांतल्या पिशवींत चालत नाहीं, ती नीट गुंडाळून मालांत टाकावयाच्या सामानांत ठेवावी.)

निघतांना वृद्ध गृहस्थ म्हणाले तें सर्व गृहस्थाश्रमी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तीन कारागिरांचें काम संपलें, चौथ्याचें घरीं सुरू होतें. पाण्यांत भिजविलेल्या १००० आंकड्याच्या दगडावर, पातें सुमारें १५ अंशांनीं कलतें धरून दोन्ही बाजूंस सारखें घासावें. वापरल्यावर लागलीच धुऊन पुसावें. भांड्यांच्या ढिगांत टाकूं नये. महाग सुरी आणून जो हें करीत नाहीं, त्यानें साधी सुरी आणून तें करणाऱ्यापेक्षां वाईट सुरी विकत घेतली असें समजावें.

आमच्या घरीं हें चौथेपण थोरल्या नातवाकडे आहे. दर पंधरवड्यास तो दगड काढतो. धार लागल्यावर आजी स्टुलावर बसून पिकल्या टोमॅटोवर पातें नुसतें टेकवितात. दाब न देतां सालींतून उतरलें तरच पोरास शाबासकी, नाहींतर पुन्हां दगडावर. सकाळची भाजी पुन्हां त्यांच्याकडे आली आहे. विळीहि घरांतच आहे. नारळ खवणण्याचें काम तिच्याकडून कोणींच काढून घेतलेलें नाहीं.