नेपाळला जायचंय? मग आधी मतदान कार्ड शोधा

आज हरभऱ्यावरची घाटेअळी जरा बाजूला ठेवतो. हरभरा काढून झाला की आमच्या गावातली पंधरा माणसं नेपाळला निघणार आहेत. जाताना गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीमार्गे रस्त्याने, आणि येताना काठमांडूहून विमान. कागदपत्रं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पीक विम्याचे फॉर्म हाच भरतो, तर हेही यालाच जमेल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

"ओळखपत्र आणा" म्हटलं तर पंधराच्या पंधरा जणांनी आधार आणलं. दोघांनी सोबत शेतकरी ओळख क्रमांकाची प्रिंटही आणली. तो नंबर २०२५ पासून आपल्याकडे कृषी योजनांना लागतो, पण प्रवासात त्याचा काही उपयोग नाही. एकाने सातबारा आणला होता. त्याला म्हटलं, तिकडे जमीन घ्यायची नाहीये आपल्याला.

देशातल्या देशात फिरायचं तर फार डोकं लावायची गरज नाही. रेल्वेच्या ई-तिकिटावर जितकी माणसं असतील त्यांतल्या एकाने मूळ ओळखपत्र दाखवलं की भागतं. आधार, मतदान कार्ड, पॅन, लायसन, पासपोर्ट, यांतलं काहीही चालतं. झेरॉक्स चालत नाही, मोबाईलमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटोही चालत नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारकडून आलेलं आधार किंवा लायसन मात्र चालतं. आपणच स्कॅन करून तिथे चढवलेला कागद वेगळा, तो धरत नाहीत. ऑनलाइन तत्काळ तिकीट काढणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा: जुलै २०२५ पासून त्यासाठी आधारची पडताळणी लागते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर तो आधी नीट करून घ्या.

विमानाला प्रत्येकाचं ओळखपत्र स्वतंत्र लागतं आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळावं लागतं. आपल्याकडे घोळ होतो तो इथे. कार्डावर 'भाऊसाहेब' आणि तिकिटावर 'भाऊ'. बायकांचं तर विचारू नका, एका कार्डावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. म्हणून मी नियमच केला: जे कार्ड विमानतळावर दाखवायचं, ते समोर ठेवूनच तिकीट काढायचं, तोंडी सांगितलेल्या नावावर नाही.

आता नेपाळ. रस्त्याने जाताना भारतीय माणसाला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, तरी ओळखपत्र जवळ हवंच. विमानाने जायचं किंवा यायचं तर मात्र पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड, हे दोनच कागद मुख्य. आधार त्यात नाही. लोकांना हे पटत नाही, कारण बँकेपासून खताच्या दुकानापर्यंत सगळीकडे आधारच मागतात. पण आधार म्हणजे तुम्ही कोण याचा पुरावा, तुम्ही भारताचे नागरिक आहात याचा नव्हे. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. मतदार यादीत नाव मात्र नागरिकाचंच लागतं. यात एक सवलत आहे. १५ पेक्षा कमी आणि ६५ पेक्षा जास्त वय असेल तर २०१९ पासून नेपाळ आणि भूतानसाठी आधारही चालतं.

या ६५ नेच आमच्या एका मावशींची अडचण केली. मावशी एकट्याच असतात, तीन एकर स्वतः कसतात. त्यांच्या आधारवर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६३. ही तारीख कुठून आली ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. शाळेत गेलेल्या जुन्या लोकांची जन्मतारीख १ जून, कारण गुरुजींनी तीच लिहिली. शाळेत न गेलेल्यांची १ जानेवारी, कारण आधार काढताना नुसतं साल सांगितलं. आमच्या पंधरांत अशी नऊ माणसं निघाली. मावशी म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी रोजगार हमीवर खडी फोडत होते, तेरा-चौदा वर्षांची असेन." म्हणजे पासष्टी कधीच ओलांडली. पण दुष्काळाची आठवण पुरावा म्हणून कुठे जोडणार? आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्याला कागद लागतो. तो त्यांच्याकडे नाही.

मतदान त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. कार्ड मात्र घर शाकारताना पेटीतून कुठेतरी गेलं. यादीत नाव शोधलं तर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. मग दुरुस्ती आणि नवीन कार्ड यासाठी फॉर्म ८ भरला. आमच्या बीएलओ म्हणजे अंगणवाडीच्या ताईच, त्या घरी येऊन पाहून गेल्या.

पासपोर्ट का नाही काढत, असं एकाने विचारलं. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, साठीच्या वरच्यांना नवीन काढताना १० टक्के सूट, दहा वर्षं चालतो. वर पासपोर्ट केंद्राची खेप आणि पोलीस पडताळणी. एकदाच तीर्थाला जाणाऱ्याला मतदान कार्ड पुरतं. पण ज्याला कृषी विभागाच्या परदेश दौऱ्याला अर्ज करायचाय, त्याने निवड होण्याची वाट न बघता आजच काढावा. आणि पोरगा आखाती देशात कामाला जाणार असेल तर दहावी पासचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. नाहीतर 'ईसीआर' पासपोर्ट मिळतो आणि तिकडे नोकरीला जाताना आधी सरकारची परवानगी काढत बसावी लागते.

सध्या चौदा जणांचं जमलंय. अकरा मतदान कार्डावर, दोन वयाच्या सवलतीत आधारवर, एकाकडे पासपोर्ट आहे. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. भाडं रोज वाढतंय असं दोघे-तिघे कुरकुरतात, पण मावशींचं कार्ड हातात आल्यावर पंधरा तिकिटं एकदमच काढायची असं ठरलंय. काल त्या विचारायला आल्या होत्या, कार्ड आलं का म्हणून. सोबत हरभऱ्याची भाजी आणली होती.