जुलैत पानं टिकतात का?

गुलाबाची नवी जात हाताशी आली आहे असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "रंग कुठला?" दुसरा प्रश्न वासाचा आणि तिसरा नावाचा. गुलाबांचे संकर करण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवल्यावर माझं मत असं झालं आहे, की या तिन्ही प्रश्नांआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: जुलैच्या झडीत या झाडाला पानं टिकतात का? महाराष्ट्रातल्या उघड्या बागेत गुलाब नांदायचा असेल तर या प्रश्नाचं उत्तर रंगाहून मोलाचं आहे. नव्या जातीच्या लेखी वर्णनात ते उत्तर असायलाच हवं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

नर्सरीतून आपण हौसेनं जी झाडं आणतो त्यांची निवड कुठे झाली, हे आधी पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलत. 1792 ते 1824 या काळात चीनमधल्या बागांतले चार गुलाब इंग्लंडला पोचले आणि वारंवार फुलण्याचा गुण त्यांच्यासोबत गेला. 1867 मध्ये फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' ही जात आली, तिला 'हायब्रिड टी' या घराण्यातला पहिला गुलाब मानतात. पण या घराण्यात झळझळीत पिवळा रंग नव्हता. लिऑनच्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी 'पर्शियन यलो' या गुलाबाच्या संकरातून तो मिळवला आणि 1900 मध्ये 'सोलेई दॉर' बाजारात आणला. आजच्या पिवळ्या, केशरी, जर्दाळू छटांचे बहुतेक गुलाब त्याच वाटेनं आले. त्या रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याचा दोषही वारशानं आला. लिऑनच्या कोरड्या उन्हाळ्यात तो दोष फार बोचत नसेल. आपल्याकडे तोच दोष झाड संपवतो.

काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं लागतं. पुणे-नाशिकच्या पठारावर जुलै-ऑगस्टमध्ये पानं दिवसचे दिवस वाळत नाहीत. खालच्या पानांवर झालरीसारख्या कडेचे काळे डाग येतात, पान पिवळं पडतं आणि गळतं. सप्टेंबरात झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. पानंच नाहीत म्हणजे साठवण नाही. अशा उपाशी झाडाची आपण ऑक्टोबरात छाटणी करतो, तेव्हा शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतात आणि दोन-तीन वर्षांत झाड जातं. लोक स्वतःला बोल लावतात, "आमच्या हाताला गुलाब लागत नाही." हाताचा यात काही दोष नसतो. झाड या हवेसाठी निवडलेलंच नसतं. मावळात आणि तळेगावात पॉलिहाउसमध्ये पिकणारा डच गुलाब तर डोक्यावर प्लॅस्टिक धरूनच वाढवतात. लांब दांडा आणि फुलदाणीत टिकणारं फूल हे त्याच्या निवडीचे निकष. अंगणातल्या पावसाशी त्याचा संबंध कधी आलेलाच नसतो.

म्हणून निवड इथे, याच मातीत आणि याच पावसात व्हायला हवी. निवडीसाठी आधी रोपं हवीत आणि रोपांसाठी संकर.

संकराचा हंगाम ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या बहराचा. हवा कोरडी आणि रात्री थंड असतात, तेव्हा फळ चांगलं धरतं. दुसऱ्या दिवशी उमलेल अशी कळी मी मादी म्हणून निवडते. पाकळ्या एकेक करून बुडापासून काढल्या की आत पुंकेसरांचं कडं दिसतं. त्यांतले परागकोश अजून फुटलेले नसतात, फिकट पिवळे आणि घट्ट असतात. ते चिमट्यानं सगळे उचलायचे. एक जरी राहिला तरी झाड स्वतःच्याच परागानं फळ धरण्याची शक्यता राहते. मग कागदी पिशवी बांधायची. नर म्हणून घेतलेल्या फुलाचे परागकोश कागदावर पसरून सावलीत ठेवले की दुसऱ्या दिवशी ते फुटतात आणि कागदावर बारीक पिवळी पूड पडते. तोवर मादी फुलातल्या कुक्षींना चकाकी आलेली असते, बोट लावलं तर चिकट लागतात. मऊ ब्रशनं पूड तिथे टेकवायची, पिशवी पुन्हा बांधायची आणि देठाला चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, मग गुणिलेची खूण, मग बापाचं नाव, खाली तारीख. दोन-तीन आठवड्यांत देठ पिवळा पडला तर संकर फसला. फुलाखालचा गोळा हिरवा राहून फुगू लागला तर साधला.

फळ पिकायला चारेक महिने लागतात. नारिंगी झालं की चिरून टणक बिया काढायच्या, ओलसर कोकोपीटमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. थंडीचे काही आठवडे मिळाल्याशिवाय गुलाबाचं बी सहसा जागं होत नाही. पावसाळा सरल्यावर मी पेरणी करते. एकदम सगळं उगवत नाही, बरंचसं बी मुळीच उगवत नाही. उगवलेलं रोप मात्र दोन-अडीच महिन्यांत वीतभर उंचीचं असतानाच पहिली कळी दाखवतं, आणि ती पाहण्याची उत्सुकता आजही माझ्यात तसूभर कमी झालेली नाही.

एका फळातल्या दोन बिया सारख्या निघत नाहीत. बागेतल्या बहुतेक गुलाबांत 28 गुणसूत्रं असतात, म्हणजे सातांचे चार संच. त्यांत इतक्या घराण्यांचं मिश्रण झालेलं आहे, की प्रत्येक बी वेगळा डाव मांडतं. म्हणून आवडलेलं रोप बियांपासून वाढवता येत नाही. त्याचे डोळे खुंटावर भरूनच ते वाढवावं लागतं.

रोगाला तोंड देणारं रक्त आणायचं तर रानगुलाबांकडे जावं लागतं, आणि तिथे धीराची परीक्षा असते. बऱ्याच रानगुलाबांत 14 गुणसूत्रं असतात. बागेतल्या गुलाबाशी त्यांचा संकर केला की 21 गुणसूत्रांची संतती होते, आणि तिला फळ-बी कमी धरतं. शिवाय वर्षातून एकदाच फुलण्याचा गुण प्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीत वारंवार फुलणं बहुधा दिसतच नाही. ते परत मिळवायला पुढच्या पिढीपर्यंत थांबावं लागतं. सनदी सेवेतून स्वेच्छेनं निवृत्त होऊन कोडाईकनालला राहिलेले एम. एस. वीरराघवन आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनी हा धीर धरला. मणिपूरकडचा 'रोझा जायगँटिया' आणि बिहार-बंगालच्या पाणथळ काठांवर वाढणारा 'रोझा क्लिनोफायला' हे दोन भारतीय रानगुलाब त्यांनी बागेच्या गुलाबात आणले. क्लिनोफायलाची मुळं पुराच्या पाण्यातही तग धरतात. आपल्या पावसाळ्यासाठी याहून योग्य आजोबा कुठून आणायचा? त्यांच्या आधी डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी दिल्लीत गुलाबांची पैदास केली आणि 1966 मध्ये 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. तेच पाल गव्हाच्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या जातींसाठी ओळखले जातात. पिकात आपण रोगप्रतिकाराला पहिलं स्थान देतो. बागेतल्या फुलाला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

माझ्या वाफ्यांत मी तो न्याय लावते. निवडीच्या वाफ्यात बुरशीनाशक मारायचं नाही, हा नियम. वाफ्याच्या दोन्ही टोकांना काळ्या ठिपक्यांना हमखास बळी पडणाऱ्या जातीची झाडं मुद्दाम लावते. त्यांच्यावरून रोग सगळ्या रोपांपर्यंत सारखा पोचतो आणि नशिबानं वाचलेलं रोप चांगलं ठरत नाही. जूनमध्ये प्रत्येक झाडाच्या एका फांदीला रंगीत लोकर बांधून पानं मोजते आणि ऑगस्टच्या शेवटी त्याच फांदीवर किती उरली ते पाहते. पावसातून पार झालेल्यांना जानेवारीत भुरीची परीक्षा असते. शेंड्याची कोवळी पानं मुडपून पांढरी पडली, की ते रोप बाद. मे महिन्यात पाकळ्यांच्या कडा करपतात का, रंग किती फिका होतो, फुलाचा आकार किती घटतो, हे पाहायचं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर त्या खुंटावर त्या जातीला लोह उचलता येत नाही असं समजायचं. बहुतांश रोपं पहिल्याच पावसाळ्यात काढून टाकावी लागतात, आणि त्यांत अत्यंत देखणी फुलंही असतात. उपटताना जीव तुटतो, पण तिथे हात आखडला तर ते दुखणं पुढे शेकडो बागांत जाईल.

जे उरतं त्याचं वर्णन लिहायचं, आणि हा कामाचा सगळ्यात बारकाईचा भाग आहे. सध्या माझ्यासमोर असं एक झाड आहे. त्याला नाव नाही, क्रमांक आहे. सकाळी नऊच्या सुमारास, उत्तरेकडच्या खिडकीत, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात मी पाकळी ठेवते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगतक्त्यातल्या प्रत्येक रंगाच्या पट्टीला एक भोक असतं; ते पाकळीच्या आतल्या बाजूच्या मध्यावर ठेवून रंग मिसळून जाईपर्यंत पट्ट्या बदलायच्या. माझ्या डोळ्यांना जो "जर्दाळू" दिसतो, त्याला असा नेमका क्रमांक मिळतो आणि पुण्यातला माणूस व टोकियोतला माणूस एकाच रंगाविषयी बोलू शकतात. मग बाहेरच्या बाजूचा रंग, बुडाशी डाग आहे का, असल्यास केवढा आणि कोणत्या रंगाचा, बाहेरच्या पुंकेसरांच्या तंतूंचा रंग. पाकळ्या मोजायच्या, तेही एका फुलाच्या नव्हे, अनेक फुलांच्या. या झाडाची कोवळी फूट तांबूस आहे, काटे विरळ आणि खाली वळलेले आहेत, पान चकचकीत आणि शेवटची पर्णिका लांबट अंडाकृती आहे. निदलं पाहताना एक गोष्ट दर वेळी मन मोहून टाकते. पाचांपैकी दोन निदलांना दोन्ही कडांना झालर असते, दोनांना मुळीच नसते आणि पाचव्याला एकाच कडेला असते. कळीत एकमेकांवर मिटताना जी कड झाकली जाते तिथे झालर नाही, जी उघडी राहते तिथे आहे. जवळजवळ प्रत्येक गुलाबात हीच मांडणी सापडते. झालर किती लांब हे मात्र जातीजातीत बदलतं, म्हणून तेही नोंदवायचं.

आपल्या देशात पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे. त्याखाली नव्या वाणाची नोंदणी करायची तर तो वाण नवा असावा लागतो आणि वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य या तीन कसोट्यांवर उतरावा लागतो. भारतात त्याची विक्री अर्जाआधी एका वर्षाहून जुनी असून चालत नाही. डोळे भरून वाढवल्यामुळे एकसारखेपणा गुलाबाला सहज साधतो. स्थैर्यावर लक्ष ठेवावं लागतं, कारण एखाद्या डोळ्यातून अचानक वेगळ्याच रंगाची फांदी फुटू शकते. 'पीस' या गुलाबापासून 'शिकागो पीस' तसाच मिळाला. वेगळेपणा सिद्ध करणं सर्वांत कठीण. सर्वांत जवळची ज्ञात जात शेजारी लावून फरक दाखवावा लागतो.

नावालाही शिस्त लागते. फ्रान्सिस मेयाँ यांनी 1935 मध्ये केलेल्या संकरातून आलेला गुलाब फ्रान्समध्ये 'मादाम आ. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया देई', इटलीत 'जोइया' आणि अमेरिकेत 'पीस' झाला. एकाच झाडाला चार नावं असली की नोंदी विखुरतात. म्हणून आता व्यापारी नावाबरोबर पैदासकाराचं सांकेतिक नाव देण्याचा प्रघात आहे आणि गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद अमेरिकन रोझ सोसायटी 1955 पासून ठेवते.

ही सगळी व्यवस्था मला मनापासून आदरणीय वाटते. पण तिचं वर्णन ओळख पटवण्यासाठी आहे. झाड कुणाचं, कुणापासून वेगळं, हे ते सांगतं. ते झाड आपल्या अंगणात जगेल का, हे सांगणं पैदासकाराचं काम आहे. म्हणून माझ्या प्रत्येक वर्णनाला मी दुसरं पान जोडते: फवारणीविना ऑगस्टअखेर उरलेल्या पानांचं प्रमाण, जानेवारीतली भुरी, मे महिन्यातल्या फुलाचा व्यास आणि पाकळ्या, खुंट कोणता, जमीन कोणती, वास किती वाजेपर्यंत टिकतो. दोष असतील तर तेही लिहिते. रोझ सोसायट्यांनी हिवाळी प्रदर्शनातल्या एका फुलाला बक्षीस देतानाच असं एखादं बक्षीस वर्षभर पाहिलेल्या झाडालाही द्यावं. नर्सरीवाल्यांनी कुंडीच्या पाटीवर फुलाच्या चित्राशेजारी पावसात पानं किती टिकतात ही एक ओळ छापावी. गिऱ्हाइकानं विचारायला सुरुवात केली की ती छापली जाईलच.

वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या बागेत पावसाळा औषधाशिवाय काढलेलं एखादं झाड असेल, मग त्याचं फूल साधं का असेना, तर छाटणीच्या काड्या फेकू नका. त्यांचे डोळे भरून घ्या, शेजारी द्या, नाव ठाऊक असेल तर पाटीवर लिहा, नसेल तर गावाचं आणि वर्षाचं लिहा. नव्या जातींना आया लागतात, आणि या हवेत तगणाऱ्या आया परदेशी कॅटलॉगात मिळत नाहीत. त्या तुमच्या-माझ्या अंगणातच शोधाव्या लागतील.