राक्षस कशाला हवा ?

इतिहासाचें वेड असलेल्या माणसानें विज्ञानकथांच्या वाटेस जाऊं नये, असें माझ्या एका स्नेह्यांचें मत आहे. हे गृहस्थ इतिहासाचे अध्यापक. मी इंग्रजी वाङ्मयाचा. इतिहासाच्या उत्तरपत्रिका त्यांना तपासाव्या लागतात, मला लागत नाहींत. त्यामुळें त्या विषयावर निखळ प्रेम करण्याचा अधिकार त्यांच्यापेक्षां मलाच अधिक, असें मी मानतों. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं कधीं मी एखादी बखर उघडून बसतों, तर कधीं ‘डॉक्टर हू’ ही इंग्रजी टेलिव्हिजन-मालिका लावतों. या दोहोंपासून मिळणारा आनंद एकाच जातीचा आहे, हें मात्र त्यांना अजून पटलेलें नाहीं.

बी. बी. सी.नें ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें. स्वतःस ‘डॉक्टर’ म्हणविणारा एक विक्षिप्त म्हातारा, त्याची नात आणि तिच्या शाळेंतले दोन शिक्षक असे चौघेजण एका निळ्या पेटींत बसून काळाच्या प्रवाहांत हिंडतात. बाहेरून ही पेटी लंडनच्या रस्त्यावरील पोलिसांच्या टेलिफोनच्या खोपट्यासारखी दिसते. आंत पाऊल टाकलें कीं वाडाच्या वाडा! शिक्षकांपैकीं एक विज्ञानाचा. दुसरी, बार्बरा, इतिहासाची. भविष्यांत गेलें म्हणजे मुलांना विज्ञान कळेल, भूतकाळांत गेलें म्हणजे इतिहास, असा चालकांचा सरळ हिशेब होता. मुलें मात्र राक्षसांवरच लुब्ध झालीं. त्याला कोण काय करणार ?

तरीहि आरंभींच्या काळांतील बहुतेक ऐतिहासिक कथांत राक्षसाला प्रवेश नव्हता. कुब्लाईखानाच्या दरबारीं निघालेला मार्को पोलो, १५७२ मधील पॅरिसची कत्तल, असे विषय असत. अद्भुत म्हणाल तर ती पेटी तेवढी. दैवदुर्विलास असा, कीं हीं दोन्ही चित्रें आज उपलब्ध नाहींत. बी. बी. सी.नें जुन्या फिती पुसून टाकल्या. कांहीं हौशी प्रेक्षकांनीं घरच्या घरीं आवाज मुद्रित करून ठेवला होता, तो उरला. मोडी दफ्तरांना लागलेल्या वाळवीच्या हकीकती ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीय माणसाला यांत नवल वाटूं नये !

सुदैवानें १९६४ मधील अ‍ॅझ्टेक लोकांवरील कथा शाबूत आहे. थडग्यांतील एक कडें हातांत घातल्यामुळें लोक बार्बरेला एका दिवंगत धर्मगुरूचा अवतार समजतात. ती इतिहासाची शिक्षिका. पुढें स्पॅनिश लोक येऊन या संस्कृतीचा विध्वंस करणार, हें तिला ठाऊक आहे. नरबळी थांबविले तर हे लोक वांचतील, असें तिच्या मनानें घेतलें. डॉक्टर तिला परोपरीनें बजावतो, कीं इतिहासाला हात लावतां येणार नाहीं. ती ऐकत नाहीं. देवतेच्या अधिकारानें ती बळी थांबविते. आणि ज्याचा प्राण तिनें वांचविला, तो मनुष्य आपला मान हिरावला गेला म्हणून देवळावरून स्वतःच उडी टाकून मरतो! पाऊस पडायचा तो पडतोच, आणि लोक समजतात कीं त्या मरणानेंच तो पडला. एका समाजाची श्रद्धा म्हणजे काय वस्तु असते, हें इतक्या थोडक्यांत सांगणारें पान इतिहासग्रंथांत मला क्वचितच आढळलें आहे.

पुढें ऐतिहासिक कथांतहि राक्षस शिरले, आणि माझें भांडण आहे तें येथें. १९८२ मधील एका कथेंत १६६६ ची लंडनची भयंकर आग लागते ती परग्रहावरून आलेल्या प्राण्यांशीं झालेल्या झटापटींत. गंमत म्हणून हें ठीक. परंतु माणसांच्या बेफिकिरीचा जमाखर्च असा परग्रहाच्या खात्यावर मांडूं लागलें, कीं इतिहास उरतच नाहीं. आपल्याकडे कै. जयंत नारळीकरांनीं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत १७६१ चा निकाल फिरवून दाखविला. पण त्यासाठीं त्यांना राक्षस लागला नाहीं. विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते, एवढेंच.

म्हणून २०१८ सालीं विनय पटेल यांनीं लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग लावतांना मी साशंकच होतों. नांवांतच राक्षस ! डॉक्टर आतां स्त्रीरूपांत आहे. तिच्यासोबतची यास्मिन आपल्या आजीचें तरुणपण पाहावयास ऑगस्ट १९४७ मधील पंजाबांत जाते. मुसलमान आजीचें लग्न प्रेम नांवाच्या हिंदु तरुणाशीं होत आहे. लग्न लावणारा साधु मरून पडलेला सांपडतो, जवळ दोन भयानक परग्रहवासी उभे असतात, आणि आपण मनांत म्हणतों, हेच ते खुनी ! ते नव्हेत. त्यांचा स्वतःचा वंश बुडाला, आणि त्यांच्या मृतांपाशीं कोणी नव्हतें. म्हणून एकाकी मरणाऱ्यांच्या शेजारीं उभें राहणें एवढेंच त्यांनीं व्रत घेतलें आहे. साधूला मारलें तें प्रेमच्या धाकट्या भावानें. सैन्यांत लढून परत आलेला प्रेम शेवटीं मरतो तोहि त्या भावानें आणलेल्या माणसांच्या गोळीनें. डॉक्टर त्याला वांचवूं शकत नाहीं. तो वांचला तर यास्मिन जन्मणारच नाहीं. सर्वजण पाठ फिरवून चालूं लागतात, मागें बार ऐकूं येतो, आणि प्रेमजवळ ते दोघे उभे असतात. इतिहासकाराचें याहून खरें चित्र मीं पाहिलेलें नाहीं.

मी उल्हासनगरांत शिकवितों. १९४७ नंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवलें, त्यांतूनच हें गांव वसलें. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी सात वर्षांची असतां सिंधमधून आली. त्या दिवसांविषयीं विचारलें कीं “तेव्हां हवा बिघडली होती” एवढेंच ती म्हणते. कोणीं बिघडविली, तें नाहीं. मीं त्या विद्यार्थ्याला हा भाग पाहावयास सांगितलें. तो घरीं पाहत असतां आजीहि शेजारीं येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाहीं. बंदुका घेतलेल्या माणसांसमोर प्रेम उभा राहिला तेव्हां तिनें नातवाला एकच विचारलें, “हा त्याचा सख्खा भाऊ ना ?” तो ‘हो’ म्हणाला. शेवटपर्यंत ती बसून राहिली, आणि मग चहाचें आधण ठेवण्यासाठीं उठली.